माहितीपत्रकातलं एक वाक्य आणि माझं घाईतलं "हो"

लिटरेचर रिव्ह्यू करताना "क्रिटिकली वाचा" असं प्रत्येक गाईड सांगतो. म्हणजे नेमकं काय करायचं, हे फारसं कुणी दाखवत नाही. म्हणून आज पेपर बाजूला ठेवू आणि पुण्यातल्या एका गृहप्रकल्पाच्या माहितीपत्रकातलं एक वाक्य तपासू. विषय माझ्या शाखेबाहेरचा आहे, पण या वाक्याने माझ्याकडून चूक करवली.

वाक्य असं होतं: "आपलं मूल भारतात जन्मलं असेल तर ते भारतीय आहे, त्यामुळे परदेशी पालक त्याच्या नावावर निश्चिंतपणे फ्लॅट घेऊ शकतात."

आमच्या ओळखीत एक जोडपं आहे. नवरा जर्मन. बायको मूळची पुण्याची, लग्नानंतर तिने जर्मन नागरिकत्व घेतलं. मुलगी तीन वर्षांची, जन्म पुण्यातलाच. ताईंनी या वाक्याचा फोटो पाठवून मला विचारलं, "अगं, हे बरोबर आहे ना?" मी दोन-चार ठिकाणी तसंच लिहिलेलं पाहिलं आणि "हो" कळवून टाकलं. दुसऱ्या दिवशी ते टोकन द्यायला जाणार होते. रात्री मात्र मला राहवेना, म्हणून मूळ कायदा उघडला.

पहिला दोष तारखेचा. "भारतात जन्म म्हणजे भारतीय" हे कधीकाळी खरं होतं. नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ३ नुसार २६ जानेवारी १९५० पासून ३० जून १९८७ पर्यंत इथे जन्मलेलं मूल साधारणपणे जन्मानेच नागरिक होतं. १ जुलै १९८७ पासून आई किंवा वडील यांपैकी एक तरी भारतीय असणं आवश्यक झालं. ३ डिसेंबर २००४ पासून अट आणखी कडक झाली: दोघेही भारतीय हवेत, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला. ताईंचा भारतीय पासपोर्ट कायम असता तर ही मुलगी भारतीय ठरली असती. आता ती ठरत नाही. हॉस्पिटल तेच, जन्मदाखला तोच, फक्त आईचं नागरिकत्व बदललं. मी जी दोन-चार ठिकाणं पाहिली ती एकमेकांची नक्कल होती, म्हणजे पुरावा एकच होता आणि तोही जुना. रिव्ह्यूमध्ये आपण हेच करतो ना? दहा सायटेशन मोजतो आणि दहाही एकाच जुन्या पेपरकडे जातात.

दुसरा दोष व्याख्येचा. वाक्य फक्त नागरिकत्वाबद्दल बोलतं. पण घरखरेदीत विदेशी चलन व्यवस्थापन कायदा, १९९९ (फेमा) "भारतात निवासी" कोण, हेही विचारतो. मागच्या आर्थिक वर्षात १८२ दिवसांपेक्षा जास्त मुक्काम हवा. शिवाय येण्याचं कारण नोकरी, व्यवसाय किंवा अनिश्चित काळ राहण्याचा हेतू दाखवणारं हवं. लोक पहिला अर्धा भाग वाचतात आणि दिवस मोजत बसतात. गोव्यात परदेशी लोकांच्या बेकायदा जमीनखरेदीचा प्रश्न तापला, तेव्हा फेब्रुवारी २००९ मध्ये केंद्र सरकारला खुलासा करावा लागला: नुसते दिवस भरून चालत नाही, व्हिसाच्या प्रकारातूनही तो हेतू दिसला पाहिजे. तुमच्या सिनॉप्सिसमधली ऑपरेशनल डेफिनिशन अर्धीच लिहिली तर असंच होतं.

तिसरा दोष मला सगळ्यात मोठा वाटतो: कंट्रोल नाही. मुलाचं नाव वापरलंच नाही तर काय होतं, हे वाक्य विचारतच नाही. ताईंकडे ओसीआय कार्ड आहे. २०१९ च्या फेमा नियमांनुसार ओसीआय कार्डधारकाला इथे घर घेता येतं. शेतजमीन, फार्महाऊस आणि मळे मात्र नाही. लग्न नोंदणीकृत असेल आणि सलग दोन वर्षं टिकलेलं असेल, तर परदेशी जोडीदाराचं नावही अशा एका मालमत्तेत लागू शकतं. म्हणजे ज्या अडचणीवर हा उपाय सुचवला होता, ती अडचण या घरात नव्हतीच.

आता लेखकाच्या बाजूनेही बघू, कारण परीक्षण एकतर्फी नसावं. या मुलीलाही ओसीआय कार्ड मिळू शकतं आणि मग तिच्या नावावर घर होऊ शकतं. ज्ञात उत्पन्नातून मुलाच्या नावावर घेतलेली मालमत्ता बेनामी धरली जात नाही, अशी सूटही कायद्यात आहे. तेव्हा निष्कर्ष काही वेळा बरोबर निघेल. पण दिलेलं कारण चुकीचं आहे, आणि कारण चुकीचं असलं की पुढच्या केसमध्ये निष्कर्ष कधी फसेल हे आधी कळत नाही.

राहिलं ते "निश्चिंतपणे". खरेदीखतावर मुलीचं नाव आणि पुढे "अ.पा.क. आई", म्हणजे अज्ञान पालनकर्ती, असं लागलं की घर मुलीचं होतं. हिंदू अज्ञान मुलांसाठी १९५६ च्या पालकत्व कायद्याचं कलम ८ आहे: नैसर्गिक पालकाला मुलाची स्थावर मालमत्ता न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, आणि ती परवानगी मुलाची गरज किंवा उघड हित दिसलं तरच मिळते. उद्या वडिलांचं काँट्रॅक्ट संपलं आणि घर विकून म्युनिकला परतायची वेळ आली, तर? माहितीपत्रकात मूल फक्त नावापुरतं आहे, कायद्यात ते मालक आहे. जिच्या नावाने सगळं चाललं होतं, तिचा विचार त्या वाक्यात नव्हता, आणि खरं सांगायचं तर माझ्या "हो"मध्येही नव्हता.

सकाळी सातला मी ताईंना फोन केला आणि सरळ सांगितलं, "ताई, मी काल न वाचताच हो म्हटलं. टोकन देऊ नका, आधी वकिलांना दाखवा." त्या दोन क्षण गप्प होत्या. मग म्हणाल्या, "बरं झालं आज बोललीस."

तुमच्यासाठी गृहपाठ: आपल्या रिव्ह्यूमधलं सगळ्यात खात्रीचं वाटणारं एक वाक्य घ्या. शेजारी चार गोष्टी लिहा: ते कोणत्या वर्षी खरं होतं, त्यातली मुख्य संज्ञा कुणी आणि कशी ठरवली, तुलना कशाशी केली, आणि ते चुकलं तर त्रास कुणाला होईल. चौथा रकाना आपल्या सिनॉप्सिसच्या फॉरमॅटमध्ये नसतो. तरी लिहा.