सुपरमॅनला दम लागतो तेव्हा

मार्व्हलनं आपल्याला एक सवय लावली आहे. पात्र दिसलं की ते कुठल्या युनिव्हर्समधलं, पुढच्या भागात कुणाला भेटणार, हे आपण आधी बघतो. मग ‘इतका वाईट की भारी’ सिनेमांचंही एक युनिव्हर्स का नसावं? टीम तयारच आहे. ‘गुंडा’मधला मिथुनचा शंकर, ‘हृदय कालेयम’चा संपूर्णेश बाबू आणि कॅप्टन म्हणून मालेगावचा सुपरमॅन. नुसतं पोस्टर डोळ्यासमोर आणलं तरी हसू येतं.

माझं म्हणणं असं की हे तिघं एका पोस्टरवर मावत नाहीत. तिघांवर हसताना आपण तीन वेगळ्या गोष्टी करत असतो.

कांती शाहचा ‘गुंडा’ १९९८ चा. यमक जुळवत बोलणारे व्हिलन, कुठूनही कुठेही उडी मारणारं एडिटिंग, आणि या सगळ्यात मिथुनचा अत्यंत गंभीर चेहरा. हा सिनेमा विनोदी व्हायला निघालेला नव्हता. इंटरनेटवरच्या पोरांनी त्याला कल्ट केलं. इथं हसणारा वर बसलेला असतो आणि सिनेमा खाली. शिवाय या हसण्यात एक सोय आहे. ‘गुंडा’मध्ये बायकांवर जे अत्याचार दाखवलेत, तेही ‘काय भंगार आहे यार’ म्हणत आपण पचवून टाकतो.

संपूर्णेश बाबूचं उलटं. भोकरहून आदिलाबादला जाणारी रेल्वे तेलंगणात शिरते, त्यामुळे तेलुगू हीरो आमच्या भागाला परका नाही. एका ठोशात दहा गुंड, गॉगल, स्लो मोशन, हे सगळं आम्ही मनापासून बघितलंय. २०१४ च्या ‘हृदय कालेयम’नं हीच हीरोगिरी हीरोसारखा अजिबात न दिसणाऱ्या माणसाला दिली. त्याला ‘बर्निंग स्टार’ ही पदवीही चिकटवली. इथं नटाला जोक माहीत आहे. तो स्वतःला पुढे करून खऱ्या स्टार लोकांची फजिती करतो. हिशोब चोख आहे, पण त्यात धोका कमी. सिनेमा पडला तरी ‘आम्ही मुद्दामच वाईट केला’ म्हणता येतं.

मालेगावच्या सुपरमॅनला ही पळवाट नाही.

यंत्रमागांच्या या गावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी २००० च्या सुमारास ‘मालेगाव के शोले’ केला. खर्च सुमारे ५० हजार रुपये. घोड्यांऐवजी डाकू सायकलवर आले, बसंतीची बासमती झाली. त्यानंतर त्यांनी सुपरमॅन हातात घेतला. ते शूटिंग फैजा अहमद खान यांनी ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या २००८ च्या माहितीपटात टिपलं. सुपरमॅन झाला शफीक शेख, मागावर काम करणारा, काटकुळा. व्हिलनला गावभर घाण आणि तंबाखू हवी असते. आणि गावाला वाचवता वाचवता या सुपरमॅनला दम्याचा त्रास होतो.

हा दमा मला अख्ख्या पॅरोडीतला सगळ्यात हुशार जोक वाटतो. अमेरिकन सुपरमॅनला दुबळा करायला दुसऱ्या ग्रहावरचा दगड लागतो. मालेगावच्या सुपरमॅनला गावची धूळ पुरते. जोक शफीकच्या छातीवर नाही, गावच्या हवेवर आहे. नासिर आणि लेखक फरोग जाफरी यांनी हा विचार ठरवून केला आहे. त्यांना ‘वाईट सिनेमावाले’ म्हणणं म्हणजे त्यांचं लेखन न वाचताच मार्क देणं.

उडायच्या सीनचंही तसंच. ट्रकला हिरवं कापड लावून त्यासमोर शफीकला आडवं करून शूट केलं. कॉम्प्युटरवर हिरवा रंग काढायचा आणि मागे दुसरं दृश्य टाकायचं. हॉलिवूडही तत्त्वतः हेच करतं. फरक पैशाचा आहे, समजेचा नाही. आपण मात्र याला ‘जुगाड’ म्हणून मोकळे होतो. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. माझा अनुभव असा, की जुगाडाचं सगळ्यात जास्त कौतुक तो करतो, ज्याला स्वतःला तो कधी करावा लागत नाही. शूटिंगमध्ये कॅमेरा पाण्यात पडतो तेव्हा नासिर यांचा चेहरा बघा. तिथं मजेशीर काही नाही. तो कॅमेरा दुसरा नाही, एवढंच आहे.

या सिनेमात खोट नाही असं नाही. गावातल्या बायका पडद्यावर येत नाहीत, हिरॉईन बाहेरून आणावी लागते. गावच्या हवेवर बोट ठेवणारी पॅरोडी या बंधनापुढे मात्र गप्प राहते. गाव वाचवणाऱ्या सुपरमॅनच्या गोष्टीत अर्धं गाव नाहीच.

शफीक २०११ मध्ये कॅन्सरनं गेला. पुढच्या वर्षी माहितीपट आपल्याकडे थिएटरमध्ये लागला. मग रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ २८ फेब्रुवारी २०२५ ला आला. आदर्श गौरव, विनीत कुमार सिंह, शशांक अरोरा, तिघंही मनापासून काम करतात आणि शेवटी डोळ्यात पाणी येतं. पण त्या सिनेमात एक बदल आहे, जो मला खटकतो. तिथं शफीक आजारी पडतो, म्हणून मित्र त्याला सुपरमॅन करतात. माहितीपटातला शफीक आजारी नाही. शूटिंग चालू असतानाच त्याचं लग्न होतं, तो मजेत आहे. त्याला सुपरमॅन व्हायला मरणाचं कारण लागलं नाही. लोकांना हसवायचंय, एवढं कारण पुरलं.

हा फरक बारीक वाटेल, पण सगळं त्यातच आहे. छोट्या गावातल्या माणसानं काही बनवलं की बाहेरच्यांकडे दोनच कप्पे असतात. एकतर ते मीम, नाहीतर प्रेरणादायी. मीममध्ये आपण त्याच्यावर हसतो, प्रेरणादायीमध्ये त्याच्यासाठी रडतो. त्यानं काय लिहिलं, जोक कुठं मारला, कुठं चुकला, हे दोन्हीकडे कुणी विचारत नाही. मालेगावपासून मुंबई २८० किलोमीटरच्या आसपास. माहितीपटात फरोग त्या न गाठलेल्या मुंबईबद्दल बोलतात, त्याचं रील कुणी कापत नाही. उडणाऱ्या शफीकचं कापतात.

म्हणून माझ्या मते मालेगावच्या सुपरमॅनला त्या ‘भंगार युनिव्हर्स’मध्ये कॅप्टन करू नये. त्याची जागा पॅरोडी लिहिणाऱ्यांच्या रांगेत आहे. माहितीपट तासाभराचाच आहे, पूर्ण बघा. जोक चांगला वाटला तर हसा, फसलेला वाटला तर तसं सांगा. बायका का नाहीत, हेही विचारा. सिनेमा करणाऱ्या माणसाला एवढा हक्क असतो.