मिरीतली प्रथिने : एका आलेखाची तपासणी

संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना जगातल्या बहुतेक देशांचे अन्न-ताळेबंद प्रसिद्ध करते. तांदूळ, गहू, डाळी, दूध यांच्या जोडीला त्यात काळ्या मिरीचीही नोंद असते. या नोंदीत मिरीपासून माणशी रोज किती ग्रॅम प्रथिने उपलब्ध झाली तेही दिलेले असते. आकडे संगणकावर तयारच मिळतात, त्यामुळे 'मिरीतून मिळणाऱ्या प्रथिनांचा राष्ट्रीय कल' असा आलेख काढायला पाच मिनिटे पुरतात. रेषा वर-खाली जाते, आडव्या अक्षावर वर्षे असतात, उभ्या अक्षावर ग्रॅम. दिसायला सगळे शास्त्रीय. पण अशा आलेखात प्रथिनांविषयी नवे असे काहीच सांगितलेले नसते, असे आमचे मत आहे. भारताचे उदाहरण घेऊन हे तपासू या.

आकडेमोड सोपी आहे, आठवीच्या वर्गालाही जमेल. हिशेबापुरते धरू, की देशात वर्षाला ७० हजार टन मिरी खाण्यासाठी उरते आणि लोकसंख्या १४० कोटी आहे. म्हणजे माणशी वर्षाला ५० ग्रॅम, रोज सुमारे ०.१४ ग्रॅम. मिरीत प्रथिनांचे प्रमाण १० ते ११ टक्के सांगितले जाते, आपण १०.४ घेऊ. उत्तर येते ०.०१४ ग्रॅम. आता ५५ किलो वजनाच्या स्त्रीला रोज साधारण ४६ ग्रॅम प्रथिने लागतात. त्यात मिरीचा वाटा ०.०३ टक्के! तुरीचा एक दाणा सुमारे ०.१ ग्रॅमचा असतो आणि त्यात ०.०२ ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. म्हणजे दिवसभराच्या मिरीतून तुरीच्या एका दाण्याइतकीही प्रथिने मिळत नाहीत.

लहान आकडा म्हणजे निरुपयोगी आकडा, असे अर्थातच नाही. आयोडीनची रोजची गरज तर मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. मुद्दा वेगळा आहे. ताळेबंदातले प्रथिनांचे आकडे दशांशचिन्हानंतर दोनच स्थळांपर्यंत छापतात. आपले ०.०१४ तिथे ०.०१ होते. समजा पुढच्या वर्षी ७० ऐवजी ७४ हजार टन मिरी उरली. लोकसंख्या तीच ठेवून गणित केले, तर उत्तर ०.०१५ च्या किंचित वर जाते आणि छापताना ०.०२ होते. मिरी वाढली सहा टक्क्यांहून कमी, पण आलेखातली प्रथिने थेट दुप्पट झाली. उलट ४९ हजार टनांवरून ७० हजार टनांपर्यंत झालेली मोठी वाढ या आलेखात दिसतच नाही, कारण दोन्ही वेळा आकडा ०.०१ च राहतो. अशा रेषेतल्या पायऱ्या शेतात किंवा स्वयंपाकघरात घडलेल्या बदलांच्या नसतात, आकडा जवळच्या शतांशात बसवण्याच्या नियमाच्या असतात.

याहून मूलभूत आक्षेप असा. दरवर्षीच्या मिरीतली प्रथिने कोणी प्रयोगशाळेत मोजत नाही. मिरीचे वजन घ्यायचे आणि कोष्टकातल्या एका ठरावीक संख्येने गुणायचे, एवढेच होते. मग प्रथिनांचा आलेख म्हणजे मिरीच्या दरडोई वजनाचाच आलेख. फक्त उभ्या अक्षाचे एकक बदललेले. स्थिर संख्येने गुणल्याने माहितीत भर पडत नाही, आणि वर सांगितल्याप्रमाणे छापताना उलट घट होते. मिरीच्या वापराचा कल पाहायचा असेल तर मिरीचेच ग्रॅम मांडावेत.

आणि ती ठरावीक संख्या तरी कितपत खरी? इथे थोडे रसायनशास्त्र उपयोगी पडते. डेन्मार्कच्या योहान केल्डाल यांनी १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत नायट्रोजन मोजण्याची एक पद्धत शोधली. पदार्थ तीव्र सल्फ्युरिक आम्लात तापवायचा, त्यातल्या नायट्रोजनचा अमोनिया करून तो मोजायचा. प्रथिनांत सरासरी १६ टक्के नायट्रोजन असतो असे धरून उत्तराला ६.२५ ने गुणले, की 'प्रथिने' मिळतात. इथे मोजला जातो नायट्रोजन, प्रथिने नव्हेत. या फरकाचा गैरफायदा घेऊन चीनमध्ये दुधात मेलॅमीन मिसळले गेले. २००८ साली ते उघडकीस आले, तोवर लाखो बालकांना त्याची बाधा झाली होती. मेलॅमीनमध्ये ६६ टक्के नायट्रोजन असतो, ६.२५ ने गुणून पाहा!

मिरीत भेसळ करायचीही गरज नाही. तिचा तिखटपणा ज्या पायपरीनमुळे असतो, त्याच्या रेणूत नायट्रोजनचा एक अणू असतो. रेणुभार २८५, त्यात नायट्रोजनचे १४, म्हणजे ४.९ टक्के. मिरीत सहा टक्के पायपरीन धरले, तर १०० ग्रॅम मिरीमागे ०.२९ ग्रॅम नायट्रोजन पायपरीनमधून येतो आणि ६.२५ ने गुणल्यावर तो १.८ ग्रॅम 'प्रथिने' म्हणून नोंदला जातो. म्हणजे नेहमीच्या पद्धतीने मोजलेल्या १०.४ ग्रॅमपैकी सुमारे सहावा हिस्सा प्रथिने नसून तिखटपणा आहे. जितकी मिरी तिखट, तितकी ती कागदावर पौष्टिक!

आता ज्या वजनाला गुणायचे, त्या वजनाकडे वळू. ताळेबंदात लोकांनी काय खाल्ले ते मोजलेले नसते. उत्पादन अधिक आयात, वजा निर्यात, साठ्यातला फरक जमेस धरायचा, बियाणे, नासधूस आणि इतर उपयोग वगळायचे; जे उरेल ते 'अन्नासाठी उपलब्ध'. गव्हाच्या बाबतीत हे बऱ्यापैकी चालते. मिरीच्या बाबतीत यातली प्रत्येक संख्या निसरडी आहे. मिरीचा वेल वायनाड-कोडगूच्या कॉफीमळ्यांत सावलीच्या झाडांवर चढवलेला असतो, कोकणात आणि गोव्यात नारळी-पोफळीवर. स्वतंत्र शेतच नाही, तर एकरी अंदाज करायचा कसा? नीट वाळलेली मिरी वर्षानुवर्षे टिकते. भाव पडला की शेतकरी आणि व्यापारी ती पोत्यांत भरून ठेवतात, चढला की बाजारात आणतात. या साठ्याची नोंद कोणाकडे असणार? नोंद नसली, की कोठारात पडून असलेली मिरी आपण सर्वांनी खाल्ली असे ताळेबंद सांगतो आणि ती बाहेर निघून निर्यात झाली, की आपण एकदम मिरी खाणे सोडले असे दिसते.

शिवाय भारत मिरीची आयातही करतो, प्रामुख्याने श्रीलंका आणि व्हिएतनाममधून. यातली काही मिरी अर्क काढण्यासाठी येते आणि तो अर्क निर्यात होतो. गंमत अशी, की द्रावकाने अर्क काढताना तेल आणि पायपरीन अर्कात जाते, खरी प्रथिने मात्र मागे उरलेल्या चोथ्यात राहतात. अर्थात तो चोथा कोणाच्या ताटात येत नाही.

जुन्या-नव्या मालिकांचा घोळ आहेच. जुन्या पद्धतीचे आकडे १९६१ ते २०१३ पर्यंतचे, नव्या पद्धतीचे २०१० पासूनचे. दोन्ही एकाच रेषेत जोडले तर जोडापाशी दिसणारी पायरी पद्धतीची असू शकते. छेदातली लोकसंख्याही अंदाजित आहे, कारण भारतात २०११ नंतरची जनगणना २०२१ मध्ये झाली नाही.

यात अन्न व कृषी संघटनेचा दोष आम्हाला दिसत नाही. एकूण प्रथिनांची बेरीज करायची तर प्रत्येक पदार्थापुढे काही तरी लिहावेच लागते. किराणा दुकानदाराच्या वहीतही दोन रुपयांची काडेपेटी लिहिलेली असते. पण म्हणून दुकानाची भरभराट काडेपेट्यांच्या आलेखावरून कोणी ठरवत नाही. चूक होते ती बेरजेसाठी लिहिलेला आकडा वेगळा काढून, उभा अक्ष ०.०० ते ०.०३ असा ताणून, त्याला 'कल' म्हणण्यात.

शिक्षकांना एक प्रयोग सुचवतो. भारताच्या आर्थिक पाहणीनुसार डाळींची दरडोई रोजची उपलब्धता १९६१ मध्ये ६९ ग्रॅम होती, २००१ मध्ये ३० ग्रॅम आणि २०११ मध्ये ४३ ग्रॅम. (हेही उपलब्धतेचेच आकडे आहेत, खाल्लेल्याचे नव्हेत, हे मुलांना जरूर सांगावे.) डाळीत २२ टक्के प्रथिने धरून मुलांना आलेखकागदावर स्तंभ काढायला लावावेत, एक ग्रॅम प्रथिनांना एक सेंटीमीटर. १९६१ चा स्तंभ १५ सेंटीमीटरच्या थोडा वर जाईल, २००१ चा साडेसहापर्यंतच, २०११ चा साडेनऊपर्यंत. मग त्याच कागदावर, त्याच प्रमाणात मिरीचा स्तंभ काढायला सांगावे. त्याची उंची ०.१४ मिलिमीटर भरते. पेन्सिलीने आखलेल्या आडव्या अक्षाची जाडीच त्याहून जास्त असते.