कोलामी भाषा : वैशिष्ट्ये व वर्गीकरण

द्राविड भाषाकुलाच्या मध्य शाखेतील एक भाषा. महाराष्ट्रात यवतमाळ, वर्धा, चंद्रपूर व नांदेड या जिल्ह्यांत आणि तेलंगणात पूर्वीच्या आदिलाबाद जिल्ह्याच्या (२०१६ मध्ये विभाजन) डोंगराळ भागात राहणाऱ्या कोलाम जमातीची ही बोली होय. २००१ च्या जनगणनेत कोलामी भाषिकांची संख्या १,२१,८५५, तर २०११ च्या जनगणनेत १,२८,४५१ इतकी नोंदली गेली. नांदेड जिल्ह्यात तिचे क्षेत्र किनवट व माहूर या तालुक्यांपुरते मर्यादित आहे. कोलामीला स्वतःची लिपी नाही. लिहिण्याचा प्रसंग आलाच, तर महाराष्ट्रात देवनागरीचा व तेलंगणात तेलुगू लिपीचा आश्रय घेतला जातो.

नावाच्या सारखेपणामुळे कोलाम, कोल व कोळी यांची पुष्कळदा गल्लत होते. कोल हे नाव मुंडा भाषाकुलातील जमातींशी निगडित आहे. महाराष्ट्रात त्या कुलाचे प्रतिनिधित्व मेळघाटातील कोरकू भाषा करते. कोळी ही मराठी व अन्य आर्य भाषा बोलणारी जात आहे. कोलामीचा या दोहोंशी कौलिक संबंध नाही. जमातीचे नाव व भाषा यांची सांगडही नेहमी बसत नाही. महाराष्ट्रातील अनुसूचित जमातींच्या यादीत ‘कोलाम’ व ‘मन्नेरवारलू’ ही नावे एकाच नोंदीत आहेत. परंतु या नोंदीखाली येणारे सर्वच लोक कोलामी बोलतात, असे त्यावरून मानता येत नाही. भाषाशास्त्रीय वर्गीकरणात जातिनाम प्रमाण धरल्यास किती घोटाळा होतो, याचे एक उदाहरण पुसद तालुक्यातील तथाकथित भिल्लीचे आहे. नावावरून ती गुजरातीला जवळची आर्य बोली वाटते. प्रत्यक्षात ती द्राविड असून कोलामीच्या अगदी निकटची आहे, असे ग्रीअर्सन यांच्या भारतीय भाषा-पाहणीच्या चौथ्या खंडात (१९०६) दाखविण्यात आले.

नांदेड व लातूर हे जिल्हे मराठीभाषी असले, तरी द्राविड भाषांच्या दृष्टीने या प्रदेशाला असाधारण महत्त्व आहे. निलंगा-देवणीच्या बाजूस कन्नडचा शेजार आहे. ती दक्षिण शाखेची भाषा. देगलूर-बिलोलीच्या बाजूस तेलुगू आहे. तेलुगू व किनवट-माहूरकडील गोंडी या दोन्ही दक्षिण-मध्य शाखेच्या होत. किनवटच्या डोंगरातील कोलामी मध्य शाखेची. म्हणजे बलुचिस्तानातील ब्राहुई आणि छोटा नागपूर व राजमहाल टेकड्यांतील कुडुख व माल्तो यांची उत्तर शाखा सोडल्यास, या कुलाच्या उरलेल्या तिन्ही शाखा एका एस.टी. प्रवासाच्या अंतरात मराठीला येऊन भिडतात. मराठीवरील द्राविड संस्काराची चर्चा करणाऱ्यांनी कन्नड व तेलुगू यांचाच विचार प्रामुख्याने केला. कोलामीकडे त्या मानाने दुर्लक्ष झाले.

अभ्यासाचा इतिहास : कोलामी शब्दांचा पहिला उल्लेखनीय संग्रह नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांच्या टिपणांत आढळतो. हिस्लॉप यांच्या निधनानंतर (१८६३) ही टिपणे रिचर्ड टेम्पल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. कॉल्डवेल यांचे द्राविड भाषांचे तौलनिक व्याकरण १८५६ चे. त्याच्या पहिल्या आवृत्तीस ही सामग्री उपलब्ध असणे शक्य नव्हते. भाषा-पाहणीतील द्राविड विभागाचे लेखक स्टेन कोनो यांनी कोलामी ही गोंडीची बोली नव्हे, असा स्पष्ट निर्वाळा दिला. मात्र काही बाबतींत ती तेलुगूशी, तर काही बाबतींत कन्नडशी जुळते, एवढेच म्हणून ते थांबले. उपलब्ध नमुने तुटपुंजे असता याहून अधिक ठाम विधान न करण्यात त्यांचा विवेकच दिसतो.

यानंतरचे महत्त्वाचे काम सेतु माधवराव पगडी (१९१०–९४) यांचे. इतिहासकार म्हणून महाराष्ट्रास परिचित असलेले पगडी हे आज लातूर जिल्ह्यात असलेल्या निलंगा गावचे. हैदराबाद संस्थानच्या सेवेत आदिलाबाद जिल्ह्यातील आदिवासींत काम करीत असताना त्यांनी गोंडी व कोलामी या भाषा आत्मसात केल्या. त्यांचे कोलामी भाषेचे इंग्रजी व्याकरण १९५० मध्ये निघाले. किनवट तालुका त्या वेळी आदिलाबाद जिल्ह्यातच मोडत असे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो नांदेडला जोडला गेला. पगडींच्या व्याकरणाचे खरे मोल सूक्ष्म ध्वनिवर्णनापेक्षा त्यातील सामग्रीत आहे. प्रशासकाच्या धावपळीत जमविलेली ही सामग्री नंतरच्या सर्व तौलनिक अभ्यासकांना उपयोगी पडली. द्राविड भाषाशास्त्राच्या ग्रंथांत ती ‘सेतुमाधव राव’ या नावाने येते. त्यामुळे हे लेखक म्हणजे मराठीतील पगडीच, हे अनेक वाचकांच्या ध्यानात येत नाही.

कोलामीचे आधुनिक पद्धतीचे सविस्तर वर्णन मरी बार्न्सन एमेनो (१९०४–२००५) यांनी केले. १९३० नंतरच्या दशकात वर्धा भागात जमविलेल्या सामग्रीवर आधारलेला त्यांचा ग्रंथ १९५५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाने प्रसिद्ध केला. केवळ एका बोलीच्या वर्णनावर न थांबता त्यांनी हिस्लॉपपासून पगडींपर्यंतच्या सामग्रीची छाननी केली व कोलामीच्या कौलिक स्थानाची चर्चा केली. एमेनो व टॉमस बरो यांच्या द्राविड व्युत्पत्तिकोशात (१९६१, दुसरी आवृत्ती १९८४) कोलामीच्या किनवट बोलीस स्वतंत्र संक्षेप दिलेला आहे. अशा रीतीने मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावाचे नाव जगातील भाषाशास्त्रज्ञांच्या नित्य वापरात आले.

भाषिक वैशिष्ट्ये : तेलुगू जाणणाऱ्यास कोलामी प्रथमदर्शनी ओळखीची वाटते. गावाला तेलुगूत ‘ऊरु’, कोलामीत ‘ऊर्’; दुधाला ‘पालु’ व ‘पाल्’; सापाला ‘पामु’ व ‘पाम्’; नावाला ‘पेरु’ व ‘पेर्’; डोळ्याला ‘कन्नु’ व ‘कन्’. तेलुगू शब्दाचा अंत्य स्वर गाळला, की कोलामी शब्द तयार होतो, असे वाटावे इतके हे साम्य आहे. ते फसवे आहे. अंत्य ‘उ’ ही तेलुगूची स्वतःची प्रवृत्ती होय. कोलामीने काही गाळलेले नाही. उलट शब्दांती व्यंजने, इतकेच नव्हे तर संयुक्त व्यंजने येऊ देणे हे कोलामीचे लक्षणच आहे. ‘कन्’चे अनेकवचन ‘कण्ड्ल्’ असे होते. झाडाला ‘माक्’, अनेकवचनी ‘माकुल्’; अग्नीला ‘किस्’; पाण्याला ‘ईर्’. शेवटच्या शब्दात मूळ द्राविड ‘नीर्’मधील आद्य ‘न’ लोपला आहे.

तेलुगूपासूनचे अंतर दाखविणारा अधिक निर्णायक पुरावा कंठ्य ‘क’चा आहे. इ, ए यांसारख्या पुढच्या स्वरांपूर्वी मूळ ‘क’चा तेलुगूत ‘च’ झाला. कन्नडमध्ये तो टिकला, कोलामीतही टिकला. कानाला कन्नड ‘किवि’, कोलामी ‘केव्’, तेलुगू ‘चेवि’. यावरून कोलामी ही तेलुगूपासून अलीकडे फुटलेली बोली नव्हे, एवढे निश्चित ठरते. परंतु ती कन्नडची भगिनी आहे, असे मात्र ठरत नाही. जुनी अवस्था दोन भाषांनी सारखीच जतन केली, म्हणून त्यांचा विशेष संबंध सिद्ध होत नसतो. दोघींनी मिळून काही नवे केले, तरच तो होतो. वर्गीकरणातील हा साधा नियम जुन्या लेखनात वारंवार नजरेआड झालेला दिसतो.

लिंगव्यवस्था हा कोलामी व्याकरणाचा सर्वांत चित्तवेधक भाग आहे. ‘अम्द्’ म्हणजे तो (पुरुष). ‘अद्’ म्हणजे ती (स्त्री) किंवा ते (वस्तू, पशू). अनेकवचनातही ‘अव्र्’ फक्त पुरुषांसाठी व ‘अदव्’ इतर सर्वांसाठी. जवळच्या व्यक्तीसाठी वा वस्तूसाठी याच रीतीने ‘इम्द्’, ‘इद्’, ‘इव्र्’, ‘इदव्’ ही रूपे होतात. मराठीतील तिन्ही लिंगांची सवय असलेल्यास स्त्री व दगड एकाच सर्वनामात पाहून नवल वाटते. तेलुगूतही एकवचनात असेच आहे. तथापि अनेकवचनात तेलुगू स्त्रियांना पुरुषांबरोबर मनुष्यवर्गात घेते. कोलामी तेथेही त्यांना वेगळे ठेवते. मात्र संख्यावाचकांशी आल्यावर हे चित्र पालटते. दोन पुरुष ‘इद्दर्’, दोन स्त्रिया ‘ईरल्’, दोन वस्तू ‘इन्दिङ्’. तीन पुरुष ‘मुग्गुर्’, तीन स्त्रिया ‘मुयल्’, तीन वस्तू ‘मून्दिङ्’. सर्वनामांत वस्तूंमध्ये मिसळलेली स्त्री येथे स्वतःचे रूप घेऊन उभी राहते. भाषेतील वर्ग व समाजातील स्थान यांचा सरळ संबंध जोडू पाहणाऱ्यांना हे उदाहरण सावध करणारे आहे.

पाचपासूनचे संख्यावाचक मात्र तेलुगूतून उसने घेतलेले आहेत. एक ते चार स्वतःचे व पुढचे शेजाऱ्याचे, ही सीमा मोजणीचा व्यवहार कोणत्या बाजारात होत असे, हे सुचविते. यवतमाळ-वर्धा बाजूस उसनवारी मुख्यतः मराठीतून होते, तर आदिलाबादकडे तेलुगूतून. किनवटची बोली या दोन ओढींच्या मध्ये सापडलेली आहे.

वर्गीकरण : कोलामीला सर्वांत जवळच्या बोली नाईक्री व नाईकी या होत. नाईक्री ही कोलामीचीच बोली मानण्याकडे अनेकांचा कल आहे. सुधिभूषण भट्टाचार्य यांनी १९६१ मध्ये वर्णिलेली चांद्याची नाईकी मात्र स्वतंत्र भाषा धरली जाते. नावे जवळजवळ एकच असल्याने या दोहोंत गोंधळ होतो. यापलीकडचे नातेवाईक दूर आहेत : बस्तरमधील परजी आणि ओडिशा-आंध्र सीमेवरील ओल्लारी व गदबा. बरो व भट्टाचार्य यांनी परजीवरील ग्रंथात (१९५३) हे नाते सूचित केले व एमेनो यांनी दोन वर्षांनी ते अधिक तपशिलाने मांडले. स्त्रियांसाठी ‘-अल्’ प्रत्ययाचे स्वतंत्र संख्यावाचक कोलामीप्रमाणे परजीतही आहे (‘इरल्’, दोन स्त्रिया), ही या नात्याची एक ठळक खूण होय. किनवटपासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या बोलीत हे रूप आढळते आणि कोलामांच्या अंगणात नांदणाऱ्या तेलुगूत आढळत नाही; म्हणून ते उसनवारीने समजावून देता येत नाही. मधला प्रदेश आज बव्हंशी गोंडीने व्यापलेला आहे. गोंडीच्या विस्ताराने एकेकाळचा सलग पट्टा तुटला असावा, हा तर्क त्यामुळे संभवनीय वाटतो.

भद्रिराजू कृष्णमूर्ती यांनी तेलुगू धातूंवरील ग्रंथात (१९६१) तेलुगूला गोंडी, कुई इत्यादी भाषांच्या गटात घातले. मध्य शाखेस आज जे वेगळे अस्तित्व आहे, ते पुष्कळसे या विभागणीमुळे. तथापि या शाखेचा पाया सर्वत्र सारखा भक्कम नाही. वर वर्णिलेली पुरुष–अपुरुष लिंगव्यवस्था हे मध्य शाखेचे लक्षण म्हणून सांगितले जाते. परंतु ती गोंडीतही आहे, आणि कृष्णमूर्ती यांच्या मते तीच मूळ द्राविड अवस्था होय. हे मत ग्राह्य धरल्यास लिंगव्यवस्था हा शाखेचा पुरावा राहत नाही. तो केवळ जतन केलेला वारसा ठरतो. कोलामी–नाईकी हा एक गट व परजी–ओल्लारी–गदबा हा दुसरा, याविषयी वाद नाही. हे दोन गट मिळून एकच शाखा होते, हे त्या मानाने कमी पुराव्यावर उभे आहे. संगणकीय सांख्यिकीच्या साहाय्याने २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने द्राविड कुलाचे वय सु. ४,५०० वर्षे ठरविले. शाखांच्या परस्परसंबंधांबाबत मात्र त्यालाही निर्णायक उत्तर देता आले नाही.

न्यू गिनीतील ‘पापुअन’ भाषांशी तुलना केल्यास या प्रश्नाचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. ‘पापुअन’ हे एका कुलाचे नाव नसून ऑस्ट्रोनेशियन नसलेल्या शेकडो भाषांना दिलेले सोयीचे नाव आहे. त्यांतील मोठी कुले सिद्ध करताना अभ्यासकांना बहुतांशी सर्वनामांच्या साम्यावर विसंबावे लागले. द्राविड कुलाबाबत स्थिती पुष्कळ बरी आहे. येथे नियमित ध्वनिपरिवर्तने प्रस्थापित झाली आहेत, कुलाच्या अस्तित्वाविषयी शंका नाही. अडचण येते ती एका पायरीने खाली, उपशाखा ठरविताना. आणि तेथे केवळ सर्वनामे पाहून भागत नाही. मराठीतील ‘आम्ही’ व ‘आपण’ यांच्यासारखा भेद कोलामीतही आहे. तेवढ्यावरून मराठी व कोलामी सगोत्र ठरत नाहीत. दीर्घ सहवासातून असे साम्य उद्भवू शकते. भारत हे एक भाषिक क्षेत्र आहे, हा एमेनो यांचा सुप्रसिद्ध सिद्धान्त १९५६ चा, म्हणजे कोलामीवरील ग्रंथानंतर वर्षभराने मांडलेला आहे.

वर्गीकरणातील उरलेले प्रश्न सुटण्यास बोलीबोलींतील तपशील हवा आहे. वर्धा बोलीचे संपूर्ण व्याकरण उपलब्ध आहे. किनवटच्या बोलीची व्युत्पत्तिकोशातील उपस्थिती शब्दांच्या नोंदींपुरती आहे. जुने क्रियापद-प्रत्यय व स्त्रीवाचक संख्यारूपे पाचाच्या पुढे कधी होती काय, यांसारख्या गोष्टी वृद्ध भाषिकांच्या बोलण्यातच सापडण्याचा संभव असतो. किनवट-माहूर भागातील कोलाम मुले मराठी माध्यमाच्या शाळांत शिकतात, आठवडी बाजाराची भाषा मराठी आहे, आणि सीमेपलीकडच्या सोयऱ्यांशी बोलताना तेलुगूची गरज पडते. ‘ईरल्’च्या जागी सरसकट ‘दोन’ येऊ लागले, की परजीशी नाते सांगणारी ही खूण या बाजूने पुसली जाईल.