डेटाशीटवर राग काढण्याआधी: स्मॉल यांचा बंद पेटीवरचा पेपर

रिचर्ड स्मॉल यांचा बंद पेटीतल्या लाउडस्पीकरवरचा १९७२ चा पेपर मी दोनदा वाचला होता. तरीही त्याच्याच आधारे सबवूफर बांधताना फेलोशिपचे पैसे घालवले. चूक पेपरची की माझी, हे तुम्हीच ठरवा. उद्या तुमच्याही बाबतीत हे होणार आहे.

थोडी पार्श्वभूमी. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये दाखवलं की स्पीकर आणि पेटी मिळून एक फिल्टर मानता येतो. दहा वर्षं फारसं कुणी लक्ष दिलं नाही. १९७१ मध्ये तो लेख ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये पुन्हा छापला गेला आणि सिडनी विद्यापीठात पीएचडी करणाऱ्या स्मॉल यांनी ते काम पुढे नेलं. आज ड्रायव्हरच्या डेटाशीटवर जे आकडे दिसतात, ते या दोघांच्या नावाने ओळखले जातात.

माझ्या ड्रायव्हरची डेटाशीट सांगत होती: एफएस २८ हर्ट्झ, क्यूटीएस ०.४५, व्हीएएस ६० लिटर. पेटी ४० लिटरची. साठाला चाळीसने भागा, त्यात एक मिळवा, वर्गमूळ घ्या: १.५८. या एकाच संख्येने एफएस आणि क्यूटीएस दोन्ही गुणायचे. पेटीतला अनुनाद ४४ हर्ट्झ, क्यू ०.७१. पुस्तकी उत्तर! सुताराकडून प्लायवूड कापून आणलं, पेटी जोडली, लावली. खुर्चीत बसलो तर बास जवळजवळ नाहीच.

मग मोजमाप केलं. शंकूवर नाणी चिकटवायची (आधी लॅबच्या तराजूवर तोलून) आणि अनुनाद किती खाली सरकतो ते पाहायचं. एफएस आला ३५, क्यूटीएस ०.५६, व्हीएएस ३८ लिटर. सरळ फसवणूक, असं वाटलं. पीस खराब म्हणून त्याच मॉडेलचा दुसरा मागवला. तोही तसाच.

पण हे नवे आकडे त्याच सूत्रात घाला. वर्गमूळ १.४, अनुनाद ४९ हर्ट्झ, क्यू ०.७८. एफएसमध्ये पंचवीस टक्के फरक, पेटीत मात्र अकराच! नवा ड्रायव्हर ताठ असला की एफएस वाढतो आणि व्हीएएस घटतो. दोन्ही एकाच लवचीकतेतून येतात, त्यामुळे चुका एकमेकींना बऱ्याच अंशी खातात. बंद पेटीत पेटीतली हवाच स्प्रिंगचं बरंच काम करते ना. माझ्या मते या मॉडेलची सगळ्यात मोठी ताकद हीच आहे, अचूकतेपेक्षाही. आणि मी सूत्र वापरलं, पण ही गोष्ट त्यात कधी शोधलीच नाही.

मग बास गेला कुठे? एकदा वैतागून अँप बंद करायला उठलो, तर भिंतीजवळ नुसता घुमत होता. खोली दहा बाय बारा फुटांची. बारा फूट म्हणजे ३.६६ मीटर, त्या लांबीचा पहिला मोड सुमारे ४७ हर्ट्झ, आणि त्याचा दाब खोलीच्या बरोबर मध्यावर जवळजवळ शून्य. माझी खुर्ची तिथेच होती. स्मॉल यांचं गणित मोकळ्या अर्ध-अवकाशातल्या ध्वनीचं आहे, त्यात चार भिंती नाहीतच. ते हे लपवत नाहीत. गृहीतकाची ओळ मी दोन्ही वेळा वाचली होती, पण आपल्या खोलीला लागू करून पाहिली नाही. तरी एक तक्रार राहतेच: हीच सूत्रं पुढे कॅल्क्युलेटरमध्ये गेली, तिथे आलेख उरला आणि गृहीतक गळालं.

म्हणून स्मॉल यांच्याबरोबर टॉड वेल्टी यांचा २००२ चा पेपरही वाचा, किती सबवूफर पुरेसे या प्रश्नावरचा. आयताकृती खोलीत समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर दोन ठेवले, तर बसायच्या जागांमधला फरक बराच कमी होतो. दोन्ही सारख्या फेजमध्ये असले की लांबीचा तो पहिला मोड उठतच नाही. कमी बजेटवाल्यांना एका महागड्यापेक्षा दोन स्वस्त का परवडतात, ते इथे कळतं.

रागाने मागवलेला दुसरा ड्रायव्हर आता समोरच्या भिंतीला आहे, तशाच ४० लिटरच्या पेटीत. खुर्ची मात्र जागची हलवलेली नाही.