बंदूक म्हणजे काय? एका कायदेशीर व्याख्येची चिकित्सा

पीएच.डी.च्या मुलाखतीची तयारी करताय? मग एक सवय आत्ताच लावून घ्या. कुठलीही व्याख्या समोर आली की विचारायचं, ‘ही नक्की काय मोजते?’ सरावासाठी आज मुद्दाम आपल्या विषयाबाहेरची व्याख्या घेतेय: शस्त्र अधिनियम, १९५९ मधली ‘अग्निशस्त्रा’ची. आपली व्याख्या ढिली पडली तर पेपर परत येतो. इथं ढिली पडली तर माणूस तुरुंगात जाऊ शकतो.

तुमच्यापैकी जे एनसीसीत होते, त्यांनी ‘पॉइंट टू टू’ चालवली असेल. त्यातली जुनी ‘नंबर टू, मार्क फोर’ म्हणजे मुळात सैन्याची ली-एन्फिल्ड. थ्री-नॉट-थ्रीऐवजी .२२ची छोटी, स्वस्त गोळी चालावी म्हणून बदललेली. सरावाच्या गोळीसाठी बदललेली ही रायफल कायद्याच्या लेखी ‘खरी’ आहे का?

आहे. कलम २(१)(ई) म्हणतं की स्फोटकाच्या किंवा इतर ऊर्जेच्या जोरावर कुठल्याही प्रकारचा प्रक्षेप्य सोडण्यासाठी जे शस्त्र बनवलंय किंवा तसं जुळवून घेतलंय, ते अग्निशस्त्र. ‘कुठल्याही प्रकारचा’ हे शब्द महत्त्वाचे. गोळी सरावाची आहे की युद्धाची, हे व्याख्या विचारतच नाही. तरी कॅडेटला परवाना लागत नाही, कारण कलम ४५ एनसीसीच्या सदस्याला त्याच्या कामापुरती सूट देतं. तीच रायफल त्यानं परवान्याशिवाय घरी ठेवली, तर कलम ३चा भंग. शिक्षा २०१९च्या दुरुस्तीनंतर २ ते ५ वर्षं. वस्तू तीच, माणूस तोच, फक्त भूमिका बदलली.

‘हत्यार कुणाच्या हातात आहे’ हा निकष जुना आहे. १८७८चा शस्त्र कायदा लॉर्ड लिटनच्या काळातला. त्यात युरोपियनांना सवलत होती, हिंदी माणसाला परवाना. पुढच्याच वर्षी, १८७९ला, आपल्या पनवेलजवळच्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके सशस्त्र बंडात उतरले होते. १९५९च्या कायद्यात वंशभेद नाही, पण हातावरून दर्जा ठरवण्याची पद्धत काही प्रमाणात राहिली. सैन्य, पोलिसांसाठी ती लागणारच, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार पुढे आहे. पनवेलच्या फडके नाट्यगृहात एखाद्या नाटकात बंदुकीचा बार उडतो, असं समजा. दोन पिस्तुलं घ्या. पहिलं खरं होतं, नंतर त्यात फक्त ब्लँक काडतूस चालेल असा बदल केला. दुसरं कारखान्यातूनच फक्त आवाजासाठी बनून आलं. रंगमंचावर दोघं सारखीच वागतात. व्याख्या शब्दशः वाचली तर पहिलं अग्निशस्त्रच राहतं, कारण ते प्रक्षेप्यासाठी बनवलं होतं. दुसऱ्याचा निकाल वेगळ्याच प्रश्नावर जातो. कलम २(१)(सी) शस्त्रांमधून अशी हत्यारं वगळतं, जी खेळण्याखेरीज कशालाच उपयोगी नाहीत किंवा वापरण्याजोग्या शस्त्रात बदलता येत नाहीत.

बदलता येत नाहीत म्हणजे कुणाला? घरातल्या पक्कड-स्क्रूड्रायव्हरनं, की लेथ मशीन असलेल्या कारागिराला? किती वेळात? अधिनियम सांगत नाही. कलम ४५(सी)मध्येही तेच. जुनं, नादुरुस्त हत्यार दुरुस्त करूनही चालणार नसेल तर सूट. पण दुरुस्ती कितपत, याचं माप नाही. उलट कलम ६ नकली बंदूक खरी करायला परवाना मागतं. २०१९पासून एका प्रवर्गाचं अग्निशस्त्र दुसऱ्या प्रवर्गात बदलणंही त्यात आलं. विनापरवाना केलं तर किमान ७ वर्षं, कमाल जन्मठेप. इतकी मोठी शिक्षा जिच्यावर टेकलीय, ती ‘बदल’ची कल्पनाच मोजलेली नाही.

मोजता येतच नाही, असं म्हणू नका. एअरगनच्या बाबतीत २०१६च्या शस्त्र नियमांनी २० ज्यूल ऊर्जा आणि ४.५ मिलिमीटर व्यास अशी स्पष्ट रेषा आखलीय. आणि ब्रिटनचा १९८२चा कायदा नकली बंदुकीबद्दल विचारतो: विशेष कौशल्याशिवाय, घरगुती दुरुस्तीच्या नेहमीच्या हत्यारांनी ती खरी करता येते का? हा प्रश्न प्रयोगशाळेत तपासता येतो. २०२५मध्ये तिथल्या पोलिसांनी तुर्की बनावटीची काही ब्लँक पिस्तुलं जमा करून घेतली, ती याच कसोटीवर बेकायदा ठरली म्हणून. सर्रास विकली जाणारी वस्तू तपासणीनंतर वर्ग बदलते, हेही त्यातून दिसलं.

आता दुसरी बाजू, कारण टीका एकतर्फी नको. मुद्दाम सैल ठेवलेल्या व्याख्येला फायदा असतो. नेमका आकडा दिला की लोक त्याच्या एक पायरी खाली थांबणारी वस्तू बनवतात. शिवाय घरगुती हत्यारं काळाबरोबर बदलतात. १९८२ला घरात थ्री-डी प्रिंटर नव्हता. म्हणजे कसोटी लिहायची आणि ती दर काही वर्षांनी पुन्हा तपासायची. पण हे न्यायालयानं प्रत्येक खटल्यात वेगळं करावं, यापेक्षा नियमांत एकदा लिहावं, असं मला वाटतं. कारण नाटकासाठी पिस्तूल आणणाऱ्या पोराला उत्तर आधी कळायला हवं, अटकेनंतर नाही.

तुमच्यासाठी गृहपाठ. आपल्या प्रपोजलमधली मुख्य व्याख्या काढा. तिच्यात चार गोष्टी मिसळल्यात का ते बघा: वस्तू कशी बनली, आज काय करते, उद्या काय करू शकते, आणि कुणाच्या हातात आहे. मग आज सारखेच वागणारे, पण इतिहास वेगळा असलेले दोन नमुने घेऊन ती लावून पाहा. उत्तर वेगवेगळं आलं तर ते का आलं, हे प्रपोजलमध्ये दोन ओळींत लिहा. मुलाखतीत पहिला प्रश्न बहुतेक त्यावरच येईल.