(अ + ब)² आणि जऊळक्याची गाडी

(अ + ब)² = अ² + २अब + ब² ही नित्य समानता मुलांना तोंडपाठ असते. आमची तक्रार पाठांतराची नाही, पाठ्यपुस्तकांतील मांडणीची आहे. खरा विस्तार अ² + अब + बअ + ब² असा आहे. मधली दोन पदे एकत्र होतात ती केवळ अब = बअ म्हणून, आणि नेमकी हीच पायरी घाईत गिळली जाते. मग बारावीत मॅट्रिक्स आल्या की मुले तेच सूत्र तेथेही लावतात आणि चुकतात.

अब आणि बअ वेगळे कसे असू शकतात? अकोला–पूर्णा लोहमार्गाकडे पाहू. अकोल्याहून जऊळक्याला जाणे म्हणजे अ; जऊळक्याहून वाशीमला जाणे म्हणजे ब. (मधली लहान स्थानके सोडून देऊ.) गुणाकार म्हणजे एका प्रवासाला दुसरा जोडणे, जोडता आला नाही तर शून्य. अब म्हणजे अकोला ते वाशीम. बअ मात्र शून्य, कारण वाशीमला उतरलेला माणूस अकोल्याच्या फलाटावर नसतो! स्थानकावर नुसते थांबणे हाही प्रवासच मानू, आणि प्रवासांना संख्यांनी गुणून बेरजा करू. बिंदू आणि बाण यांच्या जाळ्यातून अशी एक बैजिक रचना तयार होते.

शाळेतले सूत्र येथे चालत नाही, पण दुसरे चालते. कोणत्याही दोन राशींचा पफ − फप हा फरक घ्या. नुसत्या थांबण्याची पदे कटतात. उरलेले प्रत्येक पद निदान एक टप्पा पुढे नेते. टप्पे तर दोनच! म्हणून असे तीन फरक गुणले की उत्तर नेहमी शून्य येते.

आता परतीची गाडी धरू. ती फक्त जऊळका–अकोला असेल, तर कोणती ना कोणती नित्य समानता टिकते. वाशीमहूनही गाडी परतू लागली की जऊळक्यातून दोन फेऱ्या निघतात. त्या कोणत्याही क्रमाने जोडा, दर वेळी निराळा प्रवास मिळतो. काहीच कटत नाही आणि एकही नित्य समानता उरत नाही.

हा केवळ खेळ नव्हे. मॅट्रिक्सची प्रसिद्ध नित्य समानता अमित्सूर व लेवित्स्की यांनी १९५० मध्ये सिद्ध केली. रिचर्ड स्वान यांनी १९६३ मध्ये तिची सिद्धता बाणांच्या जाळ्यावरून दिली. (त्या लेखाची दुरुस्ती त्यांना १९६९ मध्ये छापावी लागली, पायऱ्या मोठ्यांच्याही निसटतात.)

मुलांचा गोंधळ होईल, असे काही शिक्षक म्हणतील. आम्हाला तसे वाटत नाही. पुस्तकातल्या चौरसाच्या आकृतीत एका आयतावर ‘अब’ आणि दुसऱ्यावर ‘बअ’ लिहावे, आणि ते समान का, हे एका ओळीत सांगावे. एवढीच आमची मागणी आहे.