'करील' आणि 'करू शकेल'

वस्तीतली जुनी माणसं 'फेडरेशन' म्हणायची तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढं दिल्ली-मुंबई यायची नाही, हत्ती यायचा. शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशन, स्थापना १९४२, निवडणुकीची निशाणी हत्ती. शाळेत मास्तरांनी फळ्यावर 'संघराज्य म्हणजे फेडरेशन' लिहिलं तेव्हा मी उठून म्हणालो, तो बाबांचा पक्ष. वर्ग हसला. आता वाटतं, मी फार चुकलो नव्हतो. १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन घटना समितीपुढं गेलं ते याच फेडरेशनच्या वतीनं. सत्ता कुणाच्या हातात ठेवायची आणि कुणाच्या हातातून काढायची, याचा तो आपल्या बाजूचा सबंध आराखडा आहे.

पण आज मला बोलायचंय ते दुसऱ्या मजकुराबद्दल. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटनेचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी केलेलं भाषण. आपल्याकडं या भाषणाचं काय झालंय? त्यातली गावाला हासडलेली दोन वाक्यं तेवढी सभेत फेकायची. टाळ्या. ग्रामीण साहित्यवाल्यांना डिवचायला ती बरी पडतात. मी स्वतः कवितेत वापरलीयत, खोटं कशाला बोलू. गांधीवाद्यांना त्या वाक्यांत सुटाबुटातला तिरस्कार दिसला, आपल्या पोरांना शिवी दिसली. दोघांनीही भाषणाचं व्याकरण वाचलं नाही.

रात्रपाळी संपल्यावर चार दिवस तुकड्या-तुकड्यानं मी ते सबंध वाचलं. ते भाषण गावावर नाहीच मुळी. ते सत्तेच्या वाटणीवर आहे. राज्य दुहेरी, केंद्र आणि घटकराज्यं. पण नागरिकत्व एकच. न्यायालयांची उतरंड एक, मूलभूत कायदे सगळीकडं सारखे, मोक्याच्या जागांवरची नोकरशाही एक. अमेरिकेचं संघराज्य ताठ आहे, आपलं वेळ पडली तर एकसंध राज्यासारखं चालवता येईल, असं त्यांचं म्हणणं. आणि एवढं सगळं मांडताना ते विचारतात, या इमारतीची वीट कोणती? समितीतल्या कित्येकांना वीट म्हणून गाव पाहिजे होतं. बाबासाहेबांनी माणूस घेतला. एकटा माणूस, मग तो कुसाच्या आतला असो की बाहेरचा. वाक्याचा कर्ता बदलला. गावाला शिवी हा त्या कर्ताबदलाचा नुसता आवाज आहे.

अठरा दिवसांनी, २२ नोव्हेंबरला, के. संथानम यांनी ग्रामपंचायतींची दुरुस्ती आणली. बाबासाहेबांनी फार न बोलता ती स्वीकारली. तेच आजचं कलम ४०. मार्गदर्शक तत्त्वांत बसवलेलं, म्हंजे कोर्टात नेता येत नाही असं.

आता पुढचं वाचून काहींचं डोकं फिरेल. पण भक्त म्हणूनच वाचायचं तर फोटो पुरे, पुस्तक कशाला? गाव दारातून बाहेर काढलं खरं, पण सातवी अनुसूची उघडा. राज्यसूचीत पोलिस आहेत, पाणी आहे, जमीन आहे आणि पाचव्या नोंदीत स्थानिक स्वराज्य. गाव खिडकीतून परत घरात. दुसऱ्या बाजूला कलम १७ नं अस्पृश्यता नष्ट केली, आणि कलम ३५ नं बजावलं की तिच्या शिक्षेचा कायदा संसदच करील, राज्यांना तो अधिकार नाही. या कलमाकडं आपल्या लेखकांचं लक्षच गेलेलं नाही. १९५५ चा अस्पृश्यता गुन्हे कायदा त्यातून आला. १९७६ साली त्याला नागरी हक्क संरक्षण हे नाव मिळालं. पुढं १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदाही संसदेनंच केला.

आणि पाणवठ्यावर बाईला मारलं तर? कायदा दिल्लीचा. तपास करणारा डीवायएसपी राज्याचा. पाणवठा पंचायतीचा. तिघंही एकमेकांकडं बोट दाखवणार, आणि आपापल्या सूचीपुरता प्रत्येक जण खरा! १९४७ च्या निवेदनात याचा इलाज मागितला होता. आपल्या वेगळ्या वसाहती, बहिष्कार घालणाऱ्याला शिक्षा. वेगळ्या वसाहती घटनेत आल्या नाहीत. महाराष्ट्राचा स्वतःचा सामाजिक बहिष्कार विरोधी कायदा यायला २०१६ साल लागलं. मसुदा समितीचं अध्यक्षपद म्हणजे आपल्या मनासारखं लिहायची मोकळीक नव्हे, हे मला कळतं. तरी वाचणाऱ्याला भोक दिसतं ते दिसतं.

हे भोक घटनेनं पाडलं असंही नाही. ते जुनं आहे. महाड घ्या. आपण महाड गातो, पण ते सत्तेच्या वाटणीचं प्रकरण म्हणून कधी वाचलंय? १९१९ च्या सुधारणांनी प्रांताची सत्ता मधोमध कापली होती. स्थानिक स्वराज्य मंत्र्यांकडं, पोलिस आणि बंदोबस्त गव्हर्नरच्या राखीव खात्यात. ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव पास झाला: सार्वजनिक पैशावरचे पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या. ठरावाचं क्रियापद मात्र शिफारशीचं. महाडच्या नगरपालिकेनं १९२४ त आपला ठराव करून तळं खुलं केलं. कागदावर. प्रांतानं ठरवलं, गावानं ठरवलं, पाणी होतं तिथंच राहिलं. २० मार्च १९२७ ला माणसं स्वतः उतरली, प्याली आणि डोकी फुटेस्तवर मार खाल्ला. मग ४ ऑगस्ट १९२७ ला नगरपालिकेनं ठराव मागं घेतला. तारीख बघा, बोले ठरावानंतर बरोबर चार वर्षं. वाढदिवस साजरा केला म्हणायचा. उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूनं लागायला १७ मार्च १९३७ उजाडला.

म्हणून मी क्रियापदं वाचायला शिकलो. १९९२ ची ७३ वी घटनादुरुस्ती, लागू २४ एप्रिल १९९३. तिची दोन कलमं शेजारी ठेवा. २४३-डी म्हणतं, पंचायतीत अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा आणि एकतृतीयांश जागा बायांना राखीव राहतील. राहतील! महाराष्ट्रानं २०११ साली बायांचा वाटा निम्मा केला. आणि २४३-जी? विधिमंडळ पंचायतींना अधिकार देऊ शकेल. अकराव्या अनुसूचीत २९ विषय टांगून ठेवलेत, त्यात पिण्याचं पाणी आहे, अनुसूचित जातींचं कल्याणही आहे. पण क्रियापद 'शकेल'. खुर्ची सक्तीची, किल्ली ऐच्छिक.

खुर्चीची सक्तीसुद्धा फुकट मिळालेली नाही. तमिळनाडूत, मदुराई जिल्ह्यात, मेलवळवूची पंचायत १९९६ साली राखीव झाली. मुरुगेसन अध्यक्ष म्हणून निवडून आले. ३० जून १९९७ ला बसमध्ये गाठून त्यांना आणि आणखी पाच जणांना कापून काढलं. त्याच जिल्ह्यात पाप्पापट्टी, कीरिपट्टी, नाट्टारमंगलम. तिथं खुर्ची राखीव झाल्यावर गावानं निवडणूकच होऊ द्यायची नाही, झालीच तर निवडून आलेल्यानं लगेच राजीनामा द्यायचा. असं दहा वर्षं. २००६ त राज्य सरकार हललं तेव्हा कुठं नीट निवडणूक झाली. म्हंजे घटना दिल्लीची, ती पाळून घ्यायला राज्य लागलं, आणि राज्य हलायला दहा वर्षं लागली.

आता 'पंचायतराजनं आंबेडकरांना खोटं ठरवलं' असं म्हणणारे विद्वान भेटतात. त्यांनी दुरुस्ती वाचलेली नाही. ७३ व्या दुरुस्तीनं गावावर कुठं विश्वास टाकलाय? टाकला असता तर राखीव जागा गावानंच द्याव्यात असं लिहिलं असतं. आपल्यातले काही उलट म्हणतात, पंचायत म्हणजे नरक, तिकडं थुंकायचं नाही. त्यांनाही विचारतो, वस्तीतल्या ज्या बाया आज सरपंच आहेत त्या कोणत्या सूचीतून आल्या?

त्यांचं काय चाललंय तेही बघा. पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ साठी दिलेल्या पैशातले ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधलेले. उरलेल्यात रस्ता की वस्तीतला दिवा, हे तिनं ठरवायचं. ठरवलं तरी गावनिधीच्या चेकवर तिच्या सहीशेजारी दुसरी सही लागते, ज्याला लोक अजून ग्रामसेवकच म्हणतात त्याची. तो जिल्हा परिषदेचा माणूस. तो आज आलेला नाही. फोन लागत नाही. शिक्का त्याच्या पिशवीत आहे.

घटनेचं मराठी भाषांतर ज्यांच्याकडं असेल त्यांनी भाग नऊमधली सगळी क्रियापदं काढून पाठवावीत. पुढच्या अंकात दोन पानं मोकळी ठेवायला मी संपादकांना सांगितलंय. माझं वाचन चुकलं असेल तर तेही लिहा, शिव्यांसकट छापू.